आखेनचं चर्च नक्कल आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जर्मनीतल्या आखेनच्या कॅथेड्रलवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की आठव्या-नवव्या शतकातला फ्रँक सम्राट शार्लमेन याने बांधलेला हा गाभा म्हणजे इटलीतल्या रावेना शहरातल्या सान विताले चर्चची जाडजूड नक्कल. खांबसुद्धा इटलीतून उचलून आणलेले, आणि ते काढले तर इमारतीत उरतं काय? प्रश्न रोखठोक आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

साम्य आहेच. मधे अष्टकोन, भोवती प्रदक्षिणामार्ग, वर गॅलरी, ही रचना ५४७ साली अभिषेक झालेल्या सान वितालेत आधीच दिसते. फरक कळतो तो वर बघितल्यावर. रावेनाचा घुमट मातीच्या पोकळ नळ्या एकमेकींत अडकवून रचलाय. वजन कमी, त्यामुळे भिंतींवरचा रेटाही कमी. भोवतालच्या मार्गावर तर मुळात लाकडी छप्पर होतं. तिथली आजची कमानछतं नंतरची आहेत.

आखेनमध्ये घुमट दगडाचा आहे, आठ पाख्यांचा, जमिनीपासून साधारण ३१ मीटर उंच. असा घुमट खालच्या भिंतींना सतत बाहेर ढकलतो, आणि भिंती थोड्याशा जरी सरकल्या तरी पाख्यांना चिरा जातात. यावरचा तोड गॅलरीत उभं राहून वर बघितलं की समजतो. तिथली छतं आडवी नाहीत. बाहेरच्या भिंतीपासून आत येताना ती तिरकी चढत जातात आणि घुमटाखालच्या भिंतीला टेकू देतात, म्हणजे रेटा त्यांच्यातून उतरत बाहेरच्या भिंतीवर जातो. शिवाय बांधकामात लोखंडी पट्ट्यांची कडी गाडलेली आहेत. बाहेरची भिंतही अष्टकोनी नाही, सोळा बाजूंची आहे. त्यामुळे प्रत्येक कमानीसमोर चौकोनी खण आणि अष्टकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यातल्या जाड खांबामागे त्रिकोणी खण पडतो, आणि खालच्या मार्गावर दगडी छत नीट बसतं. यातलं काहीही रावेनाहून उचललेलं नाही.

आता खांब. चोरीचा आरोप टिकत नाही. रावेनाच्या राजवाड्यातले संगमरवर आणि मोझॅक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं) न्यायला पोप हेड्रियन पहिले यांनी पत्राने परवानगी दिली होती. रोम आणि रावेनाहून खांब आणल्याचं शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड उघडपणे सांगतो, कारणासकट: दुसरीकडे मिळत नव्हते.

आणि काढले तर? ते काढून झालेलेच आहेत. १७९४मध्ये फ्रेंचांनी आखेन घेतलं आणि वरच्या कमानींतले खांब पॅरिसला नेले. १८१५नंतर बरेच परत आले, काही आजही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. परत आलेले जागेवर बसवायला १८४०चं दशक उजाडलं. तोवर कमानी रिकाम्या होत्या आणि घुमट जागच्या जागी होता. कमानीतल्या खांबांच्या वरच्या जोडीकडे नीट बघा: ती कमानीच्या पोटाला नुसती जाऊन भिडते, भार काहीच घेत नाही. भार आहे तो कोनात वळलेल्या आठ जाड दगडी खांबांवर. ते इटलीतून आलेले नाहीत, तिथेच बांधलेले आहेत.

एका बाबतीत मात्र तुमची तुलना मुळातच चुकीच्या गोष्टीशी झाली आहे. 'मोझॅक रावेनापुढे फिकं पडतं' असं तुम्ही म्हणता, ते घुमटातलं मोझॅक १८८०-८१चं आहे, व्हेनिसच्या साल्व्हियाती कारखान्याने केलेलं. भिंतींवरचं संगमरवरी आवरण त्याहूनही नंतरचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. शार्लमेनच्या काळचं पाहायचं असेल तर गॅलरीचे ब्राँझचे कठडे आणि ब्राँझचे दरवाजे बघा. ते तेव्हापासूनचे आहेत.