कंपनी बदलली, गट तोच राहिला

मुरबाड-शहापूरकडच्या भेंडी उत्पादकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. तुडतुडे (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) मरत नाहीत कारण औषधांत भेसळ आहे; म्हणून कंपनी बदला, डोस दुप्पट करा, लाल त्रिकोणाचं कडक औषध घ्या आणि दर आठ दिवसांनी न चुकता फवारा, असं त्यात म्हटलंय. भेसळीचा भाग सोडला तर यातला प्रत्येक सल्ला शेतकऱ्याचं नुकसान करणारा आहे.

भेसळ होते, नाकारत नाही. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर जपा. पण अस्सल औषधालाही कीड दाद देत नाही, असं १९१४ सालीच अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी सॅन होजे खवले किडीबद्दल नोंदवलं होतं. किडींमध्ये मोजक्या जन्मतःच वेगळ्या असतात. त्यांच्या शरीरात रसायन लवकर मोडतं, किंवा ते जिथे जाऊन चिकटायचं ती जागाच बदललेली असते. फवारणीत बाकीच्या मरतात, या उरतात, आणि पुढची पिढी यांचीच. उष्ण हवेत तुडतुड्यांची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते.

‘कंपनी बदला.’ सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. डब्यावर मोठ्या अक्षरांत व्यापारी नाव असतं. खाली बारीक अक्षरांत घटक असतो, तो वाचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अॅसिटामिप्रिड ही तीन नावं असली तरी तिन्ही निओनिकोटिनॉइड, गट ४ए. गट म्हणजे औषध किडीला कसं मारतं त्यावरून केलेली वर्गवारी. किडीच्या मज्जासंस्थेत तिघांचा मारा एकाच ठिकाणी. एकाला न मरणारा तुडतुडा बहुधा दुसऱ्यालाही मरत नाही. सायपरमेथ्रिन आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांचंही तसंच, दोन्ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड, गट ३ए. तयार मिश्रणात थायामेथोक्झाम आणि लॅम्बडा एकत्र असेल, तर दोन्ही गट एकाच फवाऱ्यात वापरून झाले. आणि बियाण्याकडे कुणाचं लक्षच जात नाही! भेंडीचं बी पुष्कळदा इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावूनच येतं. म्हणजे पेरतानाच ४ए सुरू झाला. पाकीट वाचा, आणि तसं असेल तर पहिली फवारणी दुसऱ्या गटाची करा, भेंडीसाठी लेबलवर मंजूर असलेल्यांतली. एका पिढीवर एक गट, पुढच्या पिढीवर दुसरा.

‘डोस दुप्पट करा.’ त्याने काटक कीड मरेलच असं नाही. किडींना खाणारे ढालकिडे आणि कोळी मात्र नक्की मरतील. भातात सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारल्यावर तपकिरी तुडतुडे उलट वाढतात, कारण त्यांना खाणारे आधी संपतात. डोस वाढवण्याआधी नोझल बघा. भेंडीवरचे तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूला असतात, आणि फवारा वरूनच जातो.

लाल त्रिकोण माणसाला किती विषारी ते सांगतो, किडीवर किती चालेल ते नाही. भेंडी एक दिवसाआड तोडली जाते आणि तिथून वाशी मार्केटला, ठाण्यातल्या घरांत. काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लेबलवर छापलेलं असतं, ते पाळलंच पाहिजे.

‘दर आठ दिवसांनी.’ कॅलेंडर बघून नको. पानं उलटून पिल्लं मोजा, मग ठरवा. फवाराल तेव्हा वहीत तारीख, घटक आणि गट लिहा. आणि ही वही शेजाऱ्याला दाखवा, कारण तुडतुडे बांध ओळखत नाहीत. एका वाडीतल्या सगळ्यांनी गटांचा क्रम मिळून ठरवला तरच तो उपयोगी पडेल.