बोटीवर काही दिसत नाही म्हणजे बोट स्वच्छ? खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय की बोट तलावातून काढल्यावर नुसती नजर टाका, काही चिकटलेलं दिसलं नाही की लगेच दुसऱ्या तलावात उतरवली तरी चालते. हे चुकीचं आहे, प्लीज पुढे पाठवू नका.

झेब्रा मसल नावाच्या, एका तलावातून दुसऱ्यात पसरणाऱ्या उपद्रवी शिंपल्यांची पिल्लं इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि ती असतात बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात, इंजिनात, मासे ठेवायच्या टाकीत, म्हणजे आपण जिथे बघतच नाही तिथे. मोठे शिंपले तर थंड, दमट हवेत पाण्याबाहेर कित्येक दिवस जगतात. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये ते 1980 च्या दशकात जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरलेल्या पाण्यातून) आले, आणि आजपर्यंत तिथून गेलेले नाहीत, पाण्याचे पाइपसुद्धा तुंबवतात.

वनस्पतींचंही तसंच, मिलफॉइल या पाणवनस्पतीचा छोटासा तुकडा बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरला अडकला तरी नवीन ठिकाणी रुजतो.

त्यामुळे गाळ, गवत काढा, बोटीच्या तळाचं बूच उघडून सगळं पाणी तिथेच काठावर सोडा, मग बोट पूर्ण वाळू द्या, निदान पाच दिवस तरी. घाई असेल तर साधारण 60 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याने धुवा. उरलेलं जिवंत आमिष तलावात ओतू नका, कचऱ्यात टाका.