42 नंबरची जर्सी आणि 24 डिसेंबरचं पत्र

दरवर्षी 15 एप्रिलला अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधले झाडून सगळे खेळाडू 42 नंबरची जर्सी घालतात. 1947 मध्ये याच तारखेला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि या लीगमधली काळ्या खेळाडूंवरची अनेक दशकांची बंदी मोडली. सोहळा चांगलाच आहे. पण त्यात आठवण निघते ती शिव्या गिळून गप्प खेळलेल्या रॉबिन्सनची. निमूट सोसणारा नायक सगळ्यांनाच सोयीचा असतो. करारावर बोट ठेवून भांडणारा नसतो, म्हणून कर्ट फ्लडच्या नावाचा सोहळा होत नाही.

फ्लड सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. सलग सात गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार), वर्षाला 90,000 डॉलर पगार. ऑक्टोबर 1969 मध्ये संघानं त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. 24 डिसेंबरला त्यानं लीगचा प्रमुख, कमिशनर बोवी कुनला पत्र लिहिलं. मतलब असा, की माझ्या मर्जीशिवाय खरेदी-विक्री करावी अशी मी मालमत्ता नाही.

भांडण होतं 'रिझर्व्ह क्लॉज'शी. खेळाडूच्या करारात एक कलम असायचं: नव्या पगारावर एकमत झालं नाही तर क्लब जुना करार एक वर्ष वाढवू शकतो. मेख अशी, की वाढवलेल्या करारात हे कलमही पुन्हा येतं, असा मालकांचा अर्थ. म्हणजे वर्ष संपलं की आणखी एक वर्ष, असं जन्मभर. आपल्याकडचा सालगडीसुद्धा पाडव्याला हिशेब करून दुसऱ्याच्या शेतावर जाऊ शकतो. 90,000 डॉलरवाल्या फ्लडला ती सोय नव्हती. (आयपीएलच्या 'रिटेन'शी याची तुलना करू नका. तिथे करार संपतो तरी.)

गोऱ्या खेळाडूंनाही हेच कलम लागू होतं. पण दक्षिणेतल्या छोट्या लीगमध्ये खेळताना ज्याला जेवण हॉटेलच्या मागच्या दारानं घ्यावं लागलं, त्याला 'विकला गेला' हा शब्द वेगळाच ऐकू येणार.

फ्लडनं कोर्टात जायचं ठरवलं. खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख मार्व्हिन मिलरनं त्याला आधीच बजावलं होतं, की केस हरशील आणि करिअरही जाईल. कारण बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1922 मध्येच ठरवून टाकलं होतं. तरी फ्लड लढला. 1970 च्या सुनावणीला एकही चालू खेळाडू फिरकला नाही. सगळ्यांना आपापल्या जागेची भीती. साक्षीला आला निवृत्त झालेला, 51 वर्षांचा जॅकी रॉबिन्सन. हा करार एकतर्फी आहे, असं त्यानं कोर्टात सांगितलं. एका पिढीनं दुसरीला नेमकं काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी 1947 च्या फोटोऐवजी ही साक्ष दाखवीन.

जून 1972 मध्ये सुप्रीम कोर्टात फ्लड 5-3 नं हरला. बेसबॉलची सूट विसंगत आहे हे कोर्टानं मान्य केलं आणि दुरुस्ती काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, करावी म्हणून हात झटकले. ती दुरुस्ती, तीही मर्यादित, 1998 मध्ये झाली. फ्लड 1997 मध्येच गेला होता.

पण कोर्टाबाहेर दार किलकिलं झालं होतं. मिलरनं 1970 मध्ये करारात त्रयस्थ लवाद मिळवला. 1973 मध्ये नियम आला, की लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू ट्रेड नाकारू शकतो. फ्लडची एकाच संघात बारा झाली होती! मग अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली 1975 च्या हंगामात नव्या करारावर सही न करता उतरले, आणि 23 डिसेंबरला लवाद पीटर साइट्झनं निकाल दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, मग खेळाडू मोकळा. दोघंही खेळाडू गोरे, हा भाग कुणी फारसा बोलत नाही. सरासरी पगार 1976 मध्ये सुमारे 51,000 डॉलर होता, 1980 मध्ये 1,43,000 च्या पुढे गेला.

बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये कुन 2008 पासून आहे. मिलरला 2021 मध्ये घेतलं. दोघंही तेव्हा हयात नव्हते, पण नावं लागली. फ्लडचं अजून नाही.