लाकडाला जळालेलं ऑइल फासा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी मुळशीला मामाकडे गेले तर पडवीत दोन कॅन. गॅरेजमधून आणलेलं काळंकुट्ट जळालेलं ऑइल. मामा तिथे सहा खोल्यांचं निसर्गोपचार केंद्र काढतोय, दरवर्षी उरुळी कांचनच्या आश्रमात (गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेल्या) जाऊन राहतो त्यातूनच हे डोक्यात आलं, आणि खोल्या लाकूड-बांबू-कौलांच्याच करायच्या हे आम्ही वर्षभर बसून ठरवलंय. कॅन कशाला म्हटलं तर त्याने मोबाइल पुढे केला. "लाकडी रिसॉर्ट बांधण्याआधी हे नक्की वाचा", पाच मुद्दे, खाली "जनहितार्थ". लाकूड म्हणजे जंगलतोड, त्यापेक्षा सिमेंट पर्यावरणपूरक. लाकूड पाच मिनिटांत राख होतं, शनिवारवाडा बघा. बांबू तोडला तर जेल. पावसात लाकूड दहा वर्षं टिकत नाही. आणि एवढं करून लाकूडच वापरायचं असेल तर वाळवीसाठी जळालेलं ऑइल आणि डिझेल निम्मं-निम्मं करून आतून-बाहेरून तीन हात मारा, "केमिकल नाही, देशी उपाय".

"अगं एवढे लोक पाठवतायत, काहीतरी असंलच की त्यात," मामा म्हणाला. म्हणून हे लिहितेय.

ऑइलचंच आधी, कारण बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत पण हा माणसांना आजारी पाडणारा आहे. इंजिनात फिरून फिरून काळं झालेल्या ऑइलमध्ये पीएएच नावाची कॅन्सरकारक रसायनं साठत जातात, झिजलेल्या इंजिनातले धातू उतरतात. सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल पहिल्याच परिशिष्टात आहे, म्हणजे कायद्याने तो घातक कचरा आहे आणि तो फक्त परवानाधारक रिसायकलरकडे द्यायचा असतो. तो तुम्ही झोपायच्या खोलीच्या भिंतींना लावणार? जिथे दम्याचे, संधिवाताचे लोक आठ-आठ दिवस येऊन राहणार, उघड्या अंगाने तेल-मसाज घेणार, खांबाला टेकून बसणार? आणि हे ऑइल वाळतच नाही. जवसाचं तेल हवेने घट्ट होऊन लाकडात बसतं, इंजिन ऑइल वर्षानुवर्षं चिकट राहतं, कपड्यांना लागतं, एप्रिलच्या उन्हात खोलीभर वास सुटतो, त्यावर नंतर पॉलिशही धरत नाही. बाहेरून मारलेलं पावसात धुऊन जमिनीत जाणार, आणि मामाची विहीर त्या खोल्यांपासून पंधरा पावलांवर आहे. वर त्याच मेसेजमध्ये लाकूड पेटतं म्हणून भीती घालायची आणि त्याच लाकडाला डिझेल पाजायचं!

हो, आजोबांनी गोठ्याबाहेरच्या कुंपणाच्या खांबांना ऑइल लावलेलं, ते खांब जरा जास्त टिकलेही, हे मामाने लगेच काढलं आणि ते खरंय. पण वाळवी सहसा वरून येत नाही, जमिनीतून मातीच्या नळ्या करत ओल धरून येते. म्हणून तिचा बंदोबस्त जोत्याशी करायचा. मामाच्या जुन्या घराचा सोप्यातला खांब घ्या, तो दगडी तळखड्यावर उभा आहे, लाकूड जमिनीला कुठे टेकतच नाही. मी मामासमोर त्याच्या बुडाला स्क्रूड्रायव्हर टोचला, टणक, आवाज खणखणीत. मग फाटकाजवळच्या शेडचा खांब दाखवला, तीन वर्षांपूर्वी काँक्रीटमध्येच रोवून पक्का केलेला. तिथे स्क्रूड्रायव्हर चार बोटं आत गेला आणि ओला भुसा बाहेर आला. काँक्रीटने ओल अडवून धरली आणि लाकूड आतून कुजलं. मामा बराच वेळ तिथेच उभा होता.

उंच जोतं, तळखडा, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढं छप्पर पुढे काढायचं, पाया भरतानाच मातीला आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे वाळवीची ट्रीटमेंट, आणि बांबूला बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवणं (हे पावसात धुऊन जातं, त्यामुळे आतल्या कामालाच). एवढं केलं की कॅनची गरज नाही. दहा वर्षांच्या मुद्द्याचंही उत्तर यातच आलं, शिवाय पुण्यात बाजीराव रोडवरच्या विश्रामबागवाड्याचा सागवानी दर्शनी भाग बघून या, वाडा १८०७ चा आहे.

शनिवारवाडा १८२८ साली जळला, खरंय. बारीक वासे, पातळ फळ्या, बांबू भराभर पेटतात, हे मी नाकारत नाही, म्हणून स्वयंपाकघर वेगळं आणि वायरिंग पाइपातून घ्यायचंच. पण जाड खांबावर आधी कोळशाचा थर धरतो आणि आग मिनिटाला साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर आत सरकते. आठ इंची खांब अर्ध्या तासात फार तर इंचभर जातो, तेवढ्यात माणसं बाहेर पडतात. पाच मिनिटांत राख कुठून आणली देव जाणे.

सिमेंट पर्यावरणपूरक? चुनखडी भाजूनच सिमेंट होतं, आणि १०० किलो चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड नुसत्या दगडातून सुटतो, भट्टीचं इंधन वेगळं. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला ७-८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. उलट सुक्या लाकडाचं निम्मं वजन झाडाने हवेतून ओढलेला कार्बन असतं, खांब उभा आहे तोवर तो त्यातच राहतो. आता लाकूड आलं कुठून हा प्रश्न मात्र रास्त आहे, तेवढं मेसेजवाल्याला द्यावं लागेल. परदेशातून जहाजाने आणलेलं, कुठल्या जंगलातलं कुणाला माहीत नाही असं सागवान लावून वर "इको" बोर्ड लावणारे मीही पाहिलेत. आम्ही म्हणूनच पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान घेतोय, भवानी पेठेत टिंबर मार्केटला फिरलं की मिळतं, त्यासाठी एकही नवं झाड पडत नाही.

बांबूचं तर २०१७ सालीच मिटलंय. वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचं बेट तोडलं म्हणून कुणी जेलमध्ये टाकत नाही. साग, आंबा, फणस, ऐन यांना मात्र स्वतःच्या जमिनीवरही परवानगी लागते, तिथे गफलत नको.

मामाने मेसेज डिलीट केला. कॅन अजून पडवीत आहेत, झाकणं घट्ट लावलेली. ते ओढ्यात ओतू नकोस, जिथून आणलेत तिथेच परत दे, गॅरेजवाल्याकडून रिसायकलरकडे जाऊ देत, एवढं सांगून आलेय. शनिवारी परत जाऊन बघणार आहे.