दुसरं रजिस्ट्रेशन पहिल्याला पुसत नाही

पणजी-पर्वरीकडच्या डेव्हलपर मंडळींत एक मेसेज फॉरवर्ड होत असतो: "डॉटनेटच्या स्वतःच्या डीआय कंटेनरमध्ये एका इंटरफेसला एकच क्लास चालतो. दुसरा रजिस्टर केला की पहिला उडतो. सगळे एकदम मागितले तर क्रमाचा भरवसा नाही. नावाने निवडायचा तर ऑटोफॅक घाला, नाहीतर फॅक्टरीत स्विच लिहा."

डीआय (डिपेंडन्सी इंजेक्शन) कंटेनर म्हणजे क्लासला लागणारे ऑब्जेक्ट बनवून देणारा भाग, आणि ऑटोफॅक हा तसाच एक बाहेरचा कंटेनर. आधी "उडतो" बघू. कोणत्या इंटरफेसला कोणता क्लास, हे जिथे नोंदवतात ती आयसर्व्हिसकलेक्शन ही साधी यादी आहे. ॲडस्कोप्ड मेथडने रजिस्टर केलं की तिच्या शेवटी एक नोंद वाढते, जुनीला कोणी हात लावत नाही. गैरसमज होतो तो यामुळे, की कन्स्ट्रक्टरमध्ये नुसता इंटरफेस मागितला तर शेवटची नोंद मिळते. तिथेच त्या इंटरफेसचा आयइन्युमरेबल, म्हणजे सगळ्यांची यादी, मागा, सगळे हजर होतात. पटत नसेल तर कंटेनर बिल्ड करण्याआधी त्या सर्व्हिस टाइपच्या नोंदी मोजून पाहा.

खरोखर गाळणारी मेथड वेगळी आहे: ट्रायॲड आणि तिची भावंडं. तिथे पहिला टिकतो आणि दुसरा, एररचा एक शब्द न काढता, वगळला जातो. लायब्ररी लिहिताना अनेक क्लास हवे असतील तर ट्रायॲडइन्युमरेबल वापरा. ती इंटरफेस आणि क्लास ही जोडी बघते, त्यामुळे तोच क्लास दोनदा शिरत नाही. मात्र तिला नुसत्या इंटरफेसचा टाइप परत करणारा लॅम्डा दिलात तर ती आर्ग्युमेंटएक्सेप्शन फेकते, कारण आत कोणता क्लास आहे हे तिला कळत नाही. डिस्क्रिप्टर (यादीतली नोंद) बनवताना क्लासचा टाइपही द्या, मग चालतं.

क्रमाचं म्हणणंही चूक. ज्या क्रमाने रजिस्टर केलं त्याच क्रमाने मिळतात, हे मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे. पण म्हणून त्याच्यावर पैशाचा हिशेब टांगू नये. कांदोळीतल्या एका गेस्टहाउसचं बुकिंग धरा. खोलीचा दर रात्रीला 4000 रुपये. एक नियम नाताळात 25 टक्के वाढवतो, दुसरा आठवडाभर राहणाऱ्याला रात्रीमागे 500 सोडतो. वाढ आधी लावली तर 4500, सूट आधी लावली तर 4375. सात रात्रींत 875 रुपयांचा फरक, आणि तोही कोणीतरी प्रोग्राम फाइल "नीट लावताना" दोन ओळी वरखाली केल्या एवढ्यावरून! इंटरफेसवरच क्रमाची प्रॉपर्टी ठेवा आणि वापरताना तिच्यावर सॉर्ट करा.

नावाने निवडण्यासाठी ऑटोफॅक लागायचा किंवा स्वतः फॅक्टरी लिहावी लागायची, हे नोव्हेंबर 2023 पर्यंत खरं होतं. डॉटनेट 8 मध्ये कीड सर्व्हिसेस, म्हणजे की (ओळखीचं नाव) लावलेल्या नोंदी, आल्या. ॲडकीडस्कोप्ड करताना की द्यायची, कन्स्ट्रक्टरमध्ये फ्रॉमकीडसर्व्हिसेस ॲट्रिब्यूट लावायचा. ॲट्रिब्यूटमधली की कंपाइल करतानाच ठरलेली लागते. पाहुण्याने बुकिंगचा निरोप एसएमएसने मागितला का ईमेलने, हे रिक्वेस्ट आल्यावर कळणार असेल तर गेटरिक्वायर्डकीडसर्व्हिस वापरा. हमखास फसवणारी गोष्ट: की लावून रजिस्टर केलेले क्लास साध्या आयइन्युमरेबलमध्ये येत नाहीत. दोन्हीकडे हवे असतील तर दोन्हीकडे नोंदवा. डेकोरेटर (एका क्लासभोवती त्याच इंटरफेसचा दुसरा क्लास गुंडाळणं) किंवा प्रॉपर्टी इंजेक्शन (कन्स्ट्रक्टरऐवजी प्रॉपर्टीतून ऑब्जेक्ट देणं) हवं असेल तर ऑटोफॅक जरूर घ्या. नुसत्या कीसाठी नको.

स्विच लिहिणं पाप नाही, पण स्वतःच्या फॅक्टरी क्लासमध्ये न्यू करून बनवलेला ऑब्जेक्ट कंटेनर डिस्पोज करत नाही (काम संपल्यावर आवरत नाही), आणि कन्स्ट्रक्टरमध्ये एक पॅरामीटर वाढला की स्विचही बदलावा लागतो. उलट, सगळे आयइन्युमरेबलने घेऊन त्यातला एक उचलायचा, यालाही किंमत आहे: यादी मागताच तिच्यातले सगळे बनतात. एकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एसएमएस गेटवेचं सेटिंग नसल्याने एक्सेप्शन आलं तर ईमेलसुद्धा जात नाही. अशा ठिकाणी की बरी.

आणि मेसेजमध्ये नसलेला, पण जास्त महागात पडणारा मुद्दा: एकही नोंद नसेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये साधा इंटरफेस मागितल्यावर एक्सेप्शन येतं, आयइन्युमरेबल मात्र मुकाट रिकामा येतो. दरनियमांच्या रजिस्ट्रेशनची ओळ मर्जमध्ये गळली तर ॲप चालू राहतं आणि नाताळातही खोली 4000 लाच जाते. नियम किती मिळाले हे ॲप सुरू होतानाच तपासा, शून्य असतील तर तिथेच थांबवा.