स्वतः का नाही उडाला?

गेल्या रविवारी आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या धुण्याची वर्गणी मागायला दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा आले, आणि ३०० रुपयांबरोबर माझी २००७ सालापासून जपलेली एक श्रद्धाही घेऊन गेले. पावती मात्र त्यांनी फक्त ३०० रुपयांची दिली.

दोष मुळात माझाच आहे. परीक्षेसाठी आमच्याकडे राहायला आलेला भाचा एकदा जेवताना म्हणाला, की अचाट शक्तीच्या माणसांच्या मालिका सगळ्या सारख्याच असतात, आठ-दहा भाग नुसते ढग जमतात आणि शेवटच्या भागात चार थेंब पडून जातात. मी भाताचा घास तसाच हातात धरून त्याला सांगितले, की हे तुमच्या पिढीच्या मालिकांचे झाले. आमच्या वेळी ‘हीरोज’ होती. अमेरिकेत २५ सप्टेंबर २००६ रोजी सुरू झालेली, २१ मे २००७ रोजी पहिले पर्व संपलेली, एकूण २३ भागांची ती मालिका मी त्या काळी एका मित्राच्या पेन ड्राइव्हवरून, भारनियमनाच्या वेळा सांभाळत, एखादे व्रत करावे तशी पाहिली होती. कुणी उडतो, कुणाच्या जखमा आपोआप भरतात, टोकियोतला एक कारकून डोळे मिटून घड्याळाचा काटा थांबवतो, एक चित्रकार भविष्यातली चित्रे रंगवतो, आणि त्याच्या चित्रात अख्खे न्यूयॉर्क एका स्फोटात उडालेले असते. हा स्फोट टळणार की नाही, एवढ्या एका प्रश्नावर तेव्हा आम्ही चार मित्रांनी कितीतरी चहा संपवला होता.

शेवटचा भाग पडेल निघाला होता हे मला आठवत नव्हते असे नाही. पण तरुणपणी आवडलेल्या गोष्टीचा शेवट माणूस मनातल्या मनात थोडाथोडा दुरुस्त करत जातो, आणि पुढे ती दुरुस्ती कुणी केली हेच विसरतो. भाच्याने आणि मी तीन आठवड्यांत २२ भाग पाहिले, त्याला ते चक्क आवडले, आणि रविवारी सकाळी तेविसावा भाग ऐन रंगात आलेला असताना घंटा वाजली.

मी दारातच पैसे देऊन आप्पांना वाटेला लावणार होतो. परंतु भाच्याला शिष्टाचाराचा नको तिथे उमाळा येतो. “बसा ना आप्पा, दहाच मिनिटं राहिलीयेत,” असे तो म्हणाला, आणि आप्पा सोफ्याच्या कडेवर, मांडीवर पावतीपुस्तक आणि दातांत पेनचे टोपण धरून बसले. विद्युत मंडळात चौतीस वर्षे काढून निवृत्त झालेला हा माणूस जगातल्या कुठल्याही घटनेकडे उपकेंद्रातील बिघाडाच्या नजरेने पाहतो, हे मला तेव्हाच आठवायला हवे होते.

“कोण कोण आहेत हे?” त्यांनी विचारले. मी थोडक्यात सांगितले. हा पीटर, रुग्णांची सेवा करणारा परिचारक. ज्याच्या जवळ जातो त्याची शक्ती याच्यात उतरते.

“म्हणजे इंडक्शन,” आप्पा म्हणाले.

हा त्याचा थोरला भाऊ नेथन, नुकताच निवडणूक जिंकलेला, हा उडतो. आणि हा सायलर, मूळचा घड्याळजी. हा इतरांची डोकी उघडून त्यांच्या शक्ती पळवतो.

“आकडा टाकणारा,” आप्पा म्हणाले, आणि सायलरकडे त्यांनी अशा काही ओळखीच्या तिरस्काराने पाहिले, की चौतीस वर्षांतले सगळे वीजचोर त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. इथवर मला गंमत वाटत होती. मालिकेचे सार इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते.

पडद्यावर त्या प्रसिद्ध चौकातली अखेरची झुंज सुरू झाली. झुंज म्हणायचे ती केवळ परंपरेने. बावीस भाग ज्या दोघांची गाठ पडण्याची आम्ही वाट पाहिली, ते दोघे समोरासमोर आले, थोडा गळा दाबला गेला, थोडे ठोसे बसले. पोलिसाने झाडलेल्या गोळ्या सायलरने हवेत अडवून त्याच्यावरच परतवल्या. मग नीकी नावाच्या बलदंड बाईने रस्त्याकडेचा पार्किंगचा मीटर मुळासकट उपटून सायलरला हाणला.

“मीटर उपटला?” आप्पा अर्धवट उठून उभे राहिले. इतका खराखुरा दुखावलेला आवाज मी त्यांच्या तोंडून सोसायटीच्या सभेतही ऐकलेला नाही. तो पार्किंगचा मीटर आहे, विजेचा नाही, हे सांगून त्यांना परत बसवेपर्यंत तलवार घेतलेला हिरो (हे त्या टोकियोच्या कारकुनाचे नाव) धावत आला आणि त्याने सायलरला आरपार भोसकले.

“हाच ना तो, वेळ थांबवणारा?”

“हो.”

“मग वेळ थांबवून शांतपणे का नाही भोसकलं? ओरडत पळत आला तो. आणि ज्याने आत्ता बंदुकीच्या गोळ्या अडवल्या, त्याला एक ओरडणारा माणूस अडवता आला नाही?”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहिले. सायलरची श्रवणशक्तीही चोरीची आणि विलक्षण तीक्ष्ण होती, ही माहिती मी स्वतःजवळच ठेवली.

यानंतर तो प्रसंग आला. पीटरने किरणोत्सर्गी माणसाची शक्तीही घेतलेली असते, ती त्याला आवरत नाही, त्याचे हात लालभडक पेटू लागतात आणि आता शहर जाणार अशी वेळ येते. त्याला गोळी घालायला क्लेअर नावाची मुलगी पिस्तूल घेऊन समोर उभी असते. तेवढ्यात नेथन आकाशातून उतरतो, भावाला मिठी मारतो आणि त्याला घेऊन उंच उडून जातो. वर कुठेतरी स्फोट होतो आणि शहर वाचते. २००७ मध्ये या ठिकाणी माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. परवाही ते येण्याच्या बेतात होते.

“एक मिनिट थांबवा,” आप्पा म्हणाले.

भाच्याने तत्परतेने चित्र थांबवले. आप्पांनी दातांतले टोपण काढून पेनाला लावले. चौकशी अधिकारी जबाब नोंदवण्याआधी करतो तशी ती हालचाल होती.

“हा पीटर. जवळच्या माणसाची शक्ती घेतो. बरोबर?”

“बरोबर.”

“भाऊ उडतो. भाऊ याच्या जवळ गेलेला आहे?”

“आप्पा, सख्खे भाऊ आहेत ते.”

“म्हणजे यालाही उडता येतं.”

मी काही बोलण्याच्या आत भाचा म्हणाला, “येतं की! दुसऱ्याच भागात तरंगला होता.” फितुरी घरातूनच होते.

“मग,” आप्पांनी अतिशय सौम्य आवाजात विचारले, “स्वतः का नाही उडाला?”

हा प्रश्न नवा नाही. जगभरच्या प्रेक्षकांनी तो त्याच आठवड्यात विचारला होता, आणि आम्ही निष्ठावंतांनी त्याची उत्तरेही तयार ठेवली होती. त्यातले पहिले मी आप्पांना दिले. शक्ती हाताबाहेर गेलेली असताना त्याला दुसरी वापरता येत नव्हती, त्याचे सगळे बळ स्फोट रोखून धरण्यातच खर्च होत होते.

“रोहित्र पेट घेतं तेव्हा,” आप्पा म्हणाले, “आधी पुरवठा तोडतात. भावाला फोन करत नाहीत.”

मी दुसरे उत्तर काढले. मुद्दा उडण्याचा नाही, त्यागाचा आहे. ज्या नेथनच्या आईने आणि पाठीराख्यांनी हा स्फोट होऊ द्यायचे ठरवलेले असते, न्यूयॉर्कमध्ये मरणारे लोक म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या फक्त ०.०७ टक्के असा हिशेबही ज्यांनी मांडलेला असतो, त्यांची साथ सोडून तो भावासाठी येतो, असे मी सांगितले. बोलता बोलता माझा आवाज किंचित भरून आला, हे मी नाकारत नाही.

“त्याग चांगलाच आहे,” आप्पा म्हणाले. “पण गरज नसताना केला ना? आणि ती पोरगी पिस्तूल घेऊन कशाला उभी होती?”

इथे भाच्याने उत्साहाने सांगितले, की पीटरच्या डोक्याच्या मागच्या विशिष्ट जागी काही घुसले की तो मरतो, आणि ते काढले की पुन्हा जिवंत होतो. चार भागांपूर्वी त्याच्या डोक्यातून काचेचा तुकडा काढल्यावर तो उठून बसला होता, आणि तो तुकडा त्या मुलीनेच काढला होता.

आप्पांचा चेहरा उजळला. “म्हणजे खटका होता! खटका पाडायचा, गार होऊ द्यायचं, खटका वर करायचा. माणूसही वाचला, शहरही वाचलं, भाऊ घरी जेवायला.” मग ते माझ्याकडे वळून, आजारी माणसाशी बोलावे तशा आवाजात म्हणाले, “आमचा शक्तिमान बरा हो. गरगर फिरायचा आणि उडायचा. त्याला कुणी भाऊ लागला नाही.”

त्यांनी पावती फाडली, तारीख घातली, पाणी मागून प्यायले आणि गेले. उरलेला भाग आम्ही मुकाट्याने पाहिला. सायलरचे प्रेत जागेवर नसते आणि रक्ताचा माग गटाराच्या झाकणापाशी संपतो, तिथे एक झुरळ फिरत असते. पहिल्या भागात मोहिंदर सुरेश हा चेन्नईचा प्राध्यापक विद्यार्थ्यांना झुरळाची थोरवी सांगतो, त्याची ती आठवण. या मोहिंदरचा आम्हाला तेव्हा कोण अभिमान! आपला माणूस, न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवतो आणि बहुतेक भागांच्या सुरुवातीला उत्क्रांतीवर निरूपण करतो. परवा पाहताना लक्षात आले, की संबंध पर्वात तो जगाला वाचवण्याबद्दल बोलतो भरपूर आणि पोचतो नेहमी उशिरा. त्यासाठी न्यूयॉर्कच्या टॅक्सीची काय गरज होती, आमच्या स्टँडवर असे पाच-सहा रिक्षावाले सहज सापडतील. असो.

मला राग कशाचा आला, हे मी चार दिवस शोधत आहे. आप्पांचा तर आलाच, कारण ज्या माणसाने बावीस भाग पाहिले नाहीत त्याला तेविसाव्यात शंका काढण्याचा अधिकार नसावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण खोलवर पाहता राग त्या लिहिणाऱ्यांचाच होता. प्रत्येकी चाळीस-बेचाळीस मिनिटे धरली तरी मी त्यांना सोळा तास दिले, तेही दोनदा. एवढ्या वेळात त्यांच्यापैकी एकाही लेखकाला आप्पांचा प्रश्न पडला नसेल, हे मला पटत नाही. पडला असणार, आणि ‘प्रेक्षक रडत असेल, त्याला सुचणार नाही’ असे म्हणून त्यांनी तो बाजूला सारला असणार. मालिकेचा जनक टिम क्रिंग याने पुढे दुसऱ्या पर्वातील चुकांबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली, ते मला तेव्हा फार मोठेपणाचे वाटले होते. आता वाटते, पहिल्या पर्वाच्या शेवटाची दिलगिरी कुणाकडून घ्यायची? त्यांनी मोकळी सोडलेली भोके बुजवत मी फुकटचा वकील होऊन इतकी वर्षे उभा आहे, आणि माझे अशील एकदाही तारखेला आलेले नाही.

दरम्यान भाच्याने हा सगळा संवाद नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, ‘दादा, तू स्वतः का नाही उडालास?’ असे विचारून पुढे हसणारे सात चेहरे लावले. मंगळवारी लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढत होतो, तर रखवालदार म्हणाला, “साहेब, उडून जायचं ना!” हे त्याला कुणी सांगितले याचा तपास मी केला नाही. आमच्या इमारतीत बातमी पसरायला कुठलीच अचाट शक्ती लागत नाही.

एकच समाधान मी राखून ठेवले होते. दुसऱ्या पर्वात काय होते हे मला ठाऊक होते आणि आप्पांना नव्हते. नेथन वाचतो, दाढी वाढवून दारू पीत बसतो, आणि पीटर आयर्लंडमधल्या कॉर्क बंदरात मालाच्या एका कंटेनरमध्ये साखळीने बांधलेला, स्मृती गेलेला सापडतो. हे आप्पांना कळले असते तर त्यांनी कंटेनरचे भाडे कुणी भरले इथपासून सुरुवात केली असती. म्हणून मी मौन पाळले.

काल संध्याकाळी घंटा वाजली. दारात आप्पा. हातात पाठकोरे कागद शिवून केलेली वही.

“भाऊ वाचला हो,” ते म्हणाले. “तुमच्या भाच्याने पुढचं सगळं दिलं. अकराही भाग पाहिले.”

मनात म्हटले, आता तरी आपण दोघे एका बाजूला आलो. दुसरे पर्व भरकटले होते, यावर तर मालिकेच्या कट्टर चाहत्यांचेही दुमत नव्हते. मीच पुढाकार घेऊन म्हणालो, “अगदीच फसलंय ना, आप्पा? चोवीस भागांचा बेत होता, अकरातच गुंडाळलं.”

“का गुंडाळलं?”

“अमेरिकेत लेखकांचा संप झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये. शंभर दिवस चालला.”

आप्पांनी वही मिटली. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली एक माया पसरली. युनियनमध्ये त्यांनी उमेदीची वर्षे घालवली आहेत, हे मी विसरलो होतो.

“शंभर दिवस?” ते हळुवारपणे म्हणाले. “मग त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. काम अर्धवट राहणारच. त्यांच्या मागण्या मान्य झाल्या की नाही?”

थोडेफार मिळाले असावे, असे मी पुटपुटलो. ते समाधानाने मान हलवत जिना उतरू लागले, चार पायऱ्या गेले, थांबले, आणि कठड्याला धरून वर पाहत म्हणाले, “पण पहिल्या वर्षी संप नव्हता ना?”