वासोट्याला स्पीकर कशाला रे बाबांनो?

दर हिवाळ्यात तेच. बामणोलीत बोट धरायची, शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं, वासोट्याचा किल्ला चढून नागेश्वरच्या गुहेकडून गोल फिरून खाली यायचं. एवढं दाट रान, व्याघ्र प्रकल्पातलं, आणि मागून कुणाच्या तरी सॅकला लटकलेला स्पीकर: ढिंगच्याक, ढिंगच्याक! आत सोडताना प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात; हे डबडं मात्र कुणाला खुपत नाही.

परवा शेकरू दिसलं. फांदीवरनं झुपकेदार शेपूट खाली सोडून निवांत काहीतरी कुरतडत होतं. मी श्वास रोखून फोन काढतोय तोवर वळणावरनं यांची वरात आली. शेकरू पसार. वर मलाच विचारतायत, "दादा, हितं प्राणी-बिणी काय दिसत न्हाईत का ओ?"

कप्पाळ!